रझिया बाजीचे लाल दोरे

कळंबात कॉम्प्युटर आला तवा तो चालवनारा पयला मानूस मीच. म्हंजे चालवत होत्या रझिया बाजी. मी बाहेर ओट्यावर जनरेटरची दोरी वढत होतो.

पन म्यां दोरी नाई वढली का आतले चारी कॉम्प्युटरचे डबे आंधये होत, अन् सगये पोट्टे एका सुरात बोंबलत, "नथ्थूकाका, लाईट!" ज्याच्या नावानं एवढे लोक बोंबलतात तो मोठाच मानूस असला पाह्यजे, असं म्यां घरी सांगतलं. माही बायको म्हने, "लोकं तं तुंबलेल्या नालीच्या नावानं बी बोंबलतात."

त्याच्या पयले मी जिनिंगमंधी, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात, हमाल होतो. कापसाचे बोरे वाहून वाहून पाठ अशी झाली का आजबी पालथा झोपलो तं कोनीतरी बोरा ठेवीन म्हनून ते वाट पाह्यते. जिनिंग जळाली, ते पुढं सांगतो, तवा मी रिकामा झालो. बाजीनं विचारलं, "दोरी ओढता येते?" म्हन्लं, त्यात काय हाय. पयल्याच झटक्याले दोरी तुटून हातात आली अन् मी मांगच्या नालीत जाऊन बसलो. बाजीनं चष्म्याच्या वरून पाह्यलं. म्हने, "चल, बसता तरी येते. उद्यापासून ये."

बाजी चाळिशीच्या. आंगानं काडी. चष्म्याच्या एका दांडीले तांब्याचा तार गुंडाळेल, तो त्याइच्या अब्बानं, हबीब मिस्त्रीनं गुंडाळून देल्ला होता. हबीब मिस्त्री आमच्याच जिनिंगचे फिटर. बाजीनं नागपूरले जाऊन कॉम्प्युटरचं शिक्शन घेतलं, परत आल्या, अन् बाजाराच्या गल्लीत खालच्या खोलीत क्लास टाकला. वरच्या खोलीत बाजी अन् त्याइची अम्मी. चारी कॉम्प्युटरले बाजीनं सोताच्या हातानं खोया शिवल्या होत्या, त्याइले झालर बी लावली होती. क्लास सुटला का एकेकाले खोय घालत, जसं लेकरायले रात्री पांघरून घालतात. चपला बाहेर एका रांगेत पाह्यजे. कोनाची वाकडी असली तं शिकवनं थांबे, तो पोट्टा उठे, चपल सरळ करे, मंग पुढं.

शिव्या बाजी उर्दूत देत, शिकवत हिंदीत, अन् कोनाची कीव आली तं मराठीत बोलत. पोट्ट्यायले हे मालूम होतं. बाजीनं मराठी काढली का पोट्टा समजून जाय, आपलं काई खरं नाई. माह्याशी बाजी कायम मराठीतच बोलत.

त्याइचा एक शब्द होता, "अजून?" तुमी काईबी कारन सांगा. उशीर झाला, मोटरसायकल पंक्चर होती. "अजून?" पोरगी शाळेत जात नाई, माय बिमार हाय. "अजून?" समोरचा एक सांगे, दोन सांगे, मंग चिडे, मंग त्याच्या तोंडातून जे निघाचं ते निघे. एकदा एक बाप आपल्या पोट्ट्याले मानगुटीले धरून क्लासात घेऊन आला. नापास झाला होता पोट्टा. बाप म्हने, "बाजी, याले किरकेटनं खाल्लं."

बाजीनं तोंडातली सुपारी इकडची तिकडं केली. "अजून?"

"अजून काय? सोबती तसेच."

"अजून?"

"लाईट नसते रातीची. असं तं सगयायच्याच घरी हाय."

"अजून?"

पोट्टा खाली पाहून राह्यला. मंग बापच म्हने, "कापूस येचाले नेला होता दोन महिने. मजूर परवडत नव्हता."

"बस. आता याची मान सोड," बाजी म्हने, "नाईतं सोताची बी धर."

हे बाजीनं मराठीतच म्हन्लं.

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटरसंग एक सीडीची चकती आली होती, अन् तिच्यात एक वेगळाच कारखाना होता. मधात एक खोकं काढाचं, त्यात एक गोष्ट लिवाची. त्याच्यातून फांद्या काढाच्या, फांदीले खोकं, खोक्याले अजून फांद्या. बाजीचा जीवच जडला त्याच्यावर. हरेक गोष्टीचं झाड काढत. भाजी खारट काहून झाली त्याचं झाड. बहिनीचा संसार काहून मोडला त्याचं बी झाड.

एक दिवस मले आवाज देल्ला. "नथ्थू, पाह्य इकडं. हे तुहं नाव." चौकोनी खोक्यात माहं नाव! माह्या बापाचं नाव सातबाऱ्यावर बी धड नव्हतं, अन् माहं कॉम्प्युटरवर. मी छाती काढून बाजारभर सांगून आलो. पानटपरीवाल्याले सांगतलं, न्हाव्याले सांगतलं. दुसऱ्या दिवशी एका पोट्टीनं मले वाचून दाखवलं. खालच्या खोक्यात लिवलं होतं 'चहा थंडा', अन् तो ज्याच्याखाली लटकला होता तो मी.

मी रागात गेलो. म्हन्लं, "बाजी, चहा मी आनतो, पन रॉकेल नव्हतं हाटेलात. दूधवाला बी उशिरा आला. एकट्या माह्याच नावावर काहून?"

बाजी खुश झाल्या. म्हने, "वा रे नथ्थू! तूच अजून म्हनाले शिकला." मंग मले बसवून दाखवलं. हे मशीन म्हन्ते, एका लेकराले एकच माय पाह्यजे. जे खोकं हाय ते एकाच्याच खाली लटकीन, दोघायच्या खाली नाई लटकत. मंग दुसरी माय असली तं? तं तिच्याकडून एक दोरा बांधाचा. बाजीनं उंदीर सरकवला, अन् 'रॉकेल नाई' पासून 'चहा थंडा' पर्यंत एक लाल दोरा गेला. दुसरा दोरा दूधवाल्यापासून. "आता पाह्य," बाजी म्हने, "तू एकटा नाई."

पन लटकला तो चहा माह्याच खाली. दोरे ते दोरेच.

गावात बाजीच्या मांगं लोक बोलत. वय गेलं, लगन नाई, शिकल्यानं डोकं फिरलं. माही बायकोच एक दिवस त्याइले विचारून बसली, काहून नाई केलं म्हनून. मले वाटलं आता उर्दू निघते. बाजी हसल्या. म्हने, "भाबी, त्याचं बी झाड काढलं म्यां. लय जनं निघाले त्यात. एक मी बी निघाली."

ते वर्स कसे होते हे इकडच्या मानसाले सांगा लागत नाई. पन वाचनारा तिकडचा असन तं सांगतो. कापसाचा भाव असा पडला होता का लोकायनं कापूस घरातच ठेवला, मंग घरात झोपाले जागा नाई. रोज कोन्या ना कोन्या गावातून शेतकऱ्यानं जीव देल्ल्याची खबर ये. चहाच्या टपरीवर चार लोक बसत अन् त्या मेलेल्याचा निकाल पाच मिनटात लावत. दारू पेत होता. बायकोशी पटत नव्हतं. पोरीच्या लग्नाचं टेन्शन होतं. एका मानसाले एक कारन, चहा संपला, उठा. बाजी तिकडून जात असल्या तं पाय थांबे त्याइचा. सुपारी कडकन फोडत अन् पुढं जात.

आता जिनिंग.

भाव नव्हता म्हनून मालकानं गठानी इकल्या नाईत. कापसाची गंजी वाढत वाढत टिनाले टेकली. खर्च कमी कराचा म्हनून अर्धे मानसं काढले. त्यात हबीब मिस्त्री बी गेले. बेरिंगले ग्रीस देनारा मानूस नाई राह्यला. मिस्त्री घरी बसले, अन् बसल्या जागीच सुकत गेले. पुढच्या थंडीत वारले. मांगच्या फाटकाले कुलूप लावलं, काहून का कापूस चोरी जाते म्हने. चाबी मुनीमजीच्या कंबरेले. हौदात पानी नाई, कारन मोटर चालवाले लाईट नाई. असं सगयं एकावर एक रचून ठेवलं होतं, अन् आमी त्याच्यात रोज येत होतो, जात होतो, हसत होतो.

चैत महिन्याची दुपार. देवराव माहा जोडीदार. बोरा तो एका टोकानं धरे, मी एका टोकानं, अन् जड टोक कायम त्याच्याकडं कसं जाय हे मले आजबी मालूम नाई. विडी पेत होता देवराव. हे मी लपवत नाई, त्याच्या कानावर कायम एक खोसेल असे. त्या दुपारी मी जेवून टरकाखाली झोपलो होतो. बोंब झाली तवा उठलो, तं डोकं टरकाले आपटलं अन् पुन्हा झोपलो. एवढी माही बहादुरी. देवराव आत होता. आग समोरून होती म्हनून तो मांगच्या फाटकाकडं पयाला.

तो फाटकापाशीच भेटला. कडीले हात होते.

मालकाकडून दुसऱ्याच दिवशी निघालं का देवरावच्या विडीनं आग लागली. सोता बी मेला अन् जिनिंग बी खाल्ली. पंधरा दिवसात ते सगयायच्या तोंडी बसलं. देवरावची माय, बुढी आमची, तिच्या बी तोंडी बसलं. ती सुनेले म्हने, "विडीचं बंडल तूच आनून देत जाय व. तुह्याच हातानं मारलं तुनं माह्या पोराले." सुनंदा तिचं नाव. हातात सहा महिन्याची पोरगी. मालकाकडून भरपाईची गोष्ट तं होतीच, पन सुनंदाचं मन त्याच्यात नव्हतं. तिले एवढंच पाह्यजे होतं का कोनीतरी मोठ्या मानसानं, कागदावर, बुढीच्या समोर म्हनावं का हे एकट्या विडीनं नाई झालं.

चौकशी लागली यवतमाळले. साहेबाकडून निरोप आला, कामगारायचं काय म्हननं हाय ते लेखी आना. आता आमी सगये आंगठेबहाद्दर. म्यां म्हन्लं, मी ज्या कॉम्प्युटरची दोरी वढतो तो कवा कामी येनार? अन् सुनंदाले अन् बुढीले बाजीकडं घेऊन गेलो.

बाजीनं क्लासले सुट्टी देल्ली. आमी हमाल भिंतीले टेकून बसलो, सुनंदा पोरगी घेऊन खुर्चीवर, बुढी खाली. बाजी विचारत, आमी सांगत.

"अजून?"

"हौद कोरडा होता."

"अजून?"

"कुलूप."

"अजून?"

"गंजी टिनाले टेकेल होती."

"अजून?"

आमी एकमेकाकडं पाह्यलं. जग्गू हमाल तसा मोकळा मानूस, पन तो बी खाली पाहून म्हने, "बाजी, ग्रीस देनारं कोनी नव्हतं. बेरिंग लाल होत जाय." बाजीनं ते लिवलं. अब्बाचं नाव नाई लिवलं. 'ग्रीस देणारा माणूस काढला', एवढंच. चष्मा काढून पुसला, तार सरळ केला, अन् म्हने, "अजून?"

मंग अडचन आली. देवरावचं खोकं लटकवाचं कोनाखाली? मशीन एकच माय मांगत होतं. बाजीनं पयले असं केलं का देवरावचं खोकं सगयायच्या खाली एक एक ठेवलं. कुलुपाखाली देवराव, हौदाखाली देवराव, गंजीखाली देवराव, ग्रीसखाली देवराव, विडीखाली देवराव. जग्गू म्हने, "असे एवढे देवराव असते तं बोरे आमाले कायले उचला लागले असते?" आमी हासलो. उलसं, जरासंच हासलो.

बुढीले वाचता येत नाई, पन एकसारखं चित्र तिले दिसत होतं. तिनं काचेवर बोट लावून विचारलं, "हा कोन? अन् हा? हा बी तोच?" बाजी म्हने, "हाव अम्मा, सगये देवराव." बुढीनं बोट मांगं घेतलं. म्हने, "माहा तं एकच होता व माय."

बाजीनं सगये पुसले. एकच ठेवला.

"कोनाखाली?" बाजीनं सुनंदाले विचारलं. "तू म्हनशीन तिथं."

सुनंदानं लय वेळ इचार केला. पोरगी रडत होती, तिले मांडीवर हालवत होती. मंग म्हने, "विडीखालीच ठेवा बाजी. नाईतं म्हनतीन, आमी लपवलं. बाकीच्यायचे दोरे बांधा."

बाजीले ते आवडलं. मले बी आवडलं. मले तं सगयंच आवडते. देवराव विडीखाली लटकला, अन् कुलुपाकडून, हौदाकडून, गंजीकडून, ग्रीसकडून लाल दोरे निघाले अन् त्याच्यापाशी येऊन थांबले. वर एक खोकं 'भाव पडले', त्याच्यातून बी सगयायकडं दोरे. काचेवर निरा लाल जाळं. बुढी पाह्यतच राह्यली. बाजीनं एकेका दोऱ्यावर बोट ठेवून तिले वाचून दाखवलं. बुढीनं त्या दिवशी सुनंदाच्या हातून पानी घेतलं. आमच्या डोयानं पाह्यलं आमी.

निघाच्या आदल्या दिवशी यवतमाळच्या ऑफिसातून बाबूचा फोन आला. असे झाडं-बिडं आमच्या मशीनवर उघडत नाईत, साधं लिवलेलं फ्लॉपीत आना, छापाचं काम आमी करतो. बाजीच्या यंत्रात तशी सोय होती. एक बटन दाबलं का झाड मोडून त्याच्या सरळ ओळी होत. वरची गोष्ट वर, तिच्या पोटातली तिच्या खाली. बाजीनं दाबलं. लाईट जाऊन राह्यली होती, तरी त्याइनं सगये शब्द आले का ते एकेक करून तपासले. कुलूप आलं, हौद आला, गंजी आली, ग्रीस आलं. एकबी शब्द गळला नव्हता.

दोरे शब्द नव्हते. ते आले नाईत. यंत्राच्या हिशोबानं ते लिवलेलंच नव्हतं.

यष्टीनं गेलो आमी. बुढीले गाडी लागली, ऑफिसाच्या आवारात उतरल्या उतरल्या उलटी. फ्लॉपी बाबूच्या हाती देऊन बाजी अन् सुनंदा तिले नळापाशी घेऊन गेल्या. तेवढ्यात बाबू कागद छापून अन् शाईची डबी घेऊन व्हरांड्यात आला. "कळंबचे हमाल? लावा आंगठे." कागद कसा साफ होता! ओळीखाली ओळ. म्यां सगयात पयले लावला, अन् मांगच्यायले सांगतलं का नीट लावा रे, पसरवू नका, बाजीचा कागद हाय.

आत साहेब. साहेब वाईट मानूस नव्हता. टेबलावर फायलीच एवढ्या होत्या का त्याचं निस्तं टक्कल दिसे. मुनीमजी बाजूच्या बाकावर. साहेबानं मले विचारलं, "आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?" म्हन्लं, "टरकाखाली, साहेब." "काय करत होता?" "झोपलो होतो." शिपाई बी हासला. मी बी हासलो. मले वाटलं चौकशी चांगली चालून राह्यली.

मंग साहेबानं कागद उचलला अन् मोठ्यानं वाचला. 'भाव पडले.' खाली काई नाई. 'फाटकाला कुलूप.' खाली काई नाई. 'हौद कोरडा.' खाली काई नाई. 'गंजी.' काई नाई. 'ग्रीस देणारा माणूस काढला.' काई नाई. 'विडी.' अन् विडीच्या पोटात, 'देवराव.'

"म्हणजे तुमचंही म्हणणं हेच आहे," साहेब म्हने. "बाकीच्या तक्रारी वेगळ्या. मृत्यू विडीमुळे."

मुनीमजी चकित झाला. त्यानं एवढं मांगलं बी नव्हतं.

बाजी दारात उभ्या होत्या, बुढीच्या तोंडावरचं पानी पुसता पुसता आल्या होत्या. त्या सरळ टेबलापाशी गेल्या. कागद पाह्यला. चेहऱ्यावरचा रंग असा गेला जशी लाईट जाते. टेबलावरचा पेन उचलला अन् कुलुपापासून देवरावपर्यंत रेघ वढाले लागल्या. "साहब, यहां से यहां धागा था. यहां से भी था. यहां से..."

साहेबानं कागद वढून घेतला. "बाई, हे काय? यावर आंगठे झालेत. आता खाडाखोड चालत नाही. तुम्ही मयताच्या कोण?"

बाजी काय सांगतीन? कोनीच नाई.

"मशीननं दोरे नाई छापले, साहेब," बाजी म्हने. आता मराठीत. "म्यां पाह्यले नाईत."

"मशीन तुमची ना?"

"हाव."

"मग?"

सुनंदा मांगं उभी होती, तिले काई समजलं नव्हतं. बुढीले समजलं. तिनं 'विडी' हा एक शब्द ऐकला होता साहेबाच्या तोंडून, मोठ्या मानसाच्या तोंडून, कागदावरून. तिनं सुनेकडं पाह्यलं. ते पाहनं सांगता येनार नाई मले.

परतीच्या यष्टीत बाजी खिडकीपाशी बसल्या. मंग म्यां ऐकलं, त्या काईतरी बोलून राह्यल्या होत्या. मले वाटलं माह्याशी. "काय करून बसली व रझिया," म्हनत होत्या. "काय करून बसली." मराठीत.

निकाल तसाच लागला. मयताच्या सोताच्या निष्काळजीपनानं. बाजीनं मंग लय कागद केले. त्या झाडाचं रंगीत चित्र नागपूरवरून छापून आनलं, ऑफिसात नेलं, वकिलाले दाखवलं. लोक पाह्यत, म्हनत, छान हाय, अन् परत देत. आंगठेवाला कागद पयलेच पोचला होता. बुढी मरेपर्यंत सुनंदाच्या हातचं पानी पेली नाई. शेजारनीच्या घरून लोटा आनत जाय. सुनंदा सकाळी दुसऱ्याच्या वावरात जाय, पोरगी पाठीले बांधून, अन् संध्याकाळी येऊन त्या लोट्याकडं पाह्यत जाय.

आता गावची गंमत पाहा. टपरीवर चार लोक बसले अन् निकाल लावला, सुनंदाचं घर कोनी बुडवलं? बाजीच्या कॉम्प्युटरनं. चहा संपला, उठा. पोट्टे कमी झाले. दुसरा क्लास निघाला यष्टी स्टँडपाशी, तिथं गेले. मी भांडलो लोकायशी. म्हन्लं, बाबूनं फोन केला नसता तं? लाईट असती तं? साहेबानं रेघ वढू देल्ली असती तं? आंगठे आमी लावले, त्याचं काय? लोक म्हनत, नथ्थू, तू गप. तुहा बी पगार तिथूनच येत होता.

पन बाजी नाई भांडल्या. जी बाई थंड्या चहाले बी एक कारन पुरू देत नव्हती, तिनं हे एक कारन घेतलं अन् चुपचाप डोक्यावर ठेवलं. कोनी तोंडावर म्हन्लं, "बाजी, तुमच्यानंच झालं," तं त्या म्हनत, "हाव." मी वाट पाह्यत राहो का आता "अजून?" म्हनतीन, आता म्हनतीन. नाई म्हन्लं. ते झाडाचं यंत्र त्याइनं पुन्हा उघडलं नाई. निस्तं टायपिंग शिकवत. चपला वाकड्या असल्या तरी शिकवत राहत.

दर बाजाराच्या दिवशी मात्र दुपारी सुनंदाच्या घरी जात. जाऊन काई बोलत नसत. सुनंदा जे काम करून राह्यली ते करू लागत. पोरीचे केस विंचरून देत. पयले पयले सुनंदा बी बोलत नव्हती. मंग दोघी मिळून बोलत नव्हत्या. दुरून पाह्यलं तं दोन बहिनी वाटत.

अम्मी थकली तवा बाजीनं क्लास बंद केला. भाऊ नागपूरले होता, तिकडं जाचं ठरलं. निघाच्या पयले त्याइले एकदा भेटावं म्हनून मी घरी गेलो, तं त्या घरी नव्हत्या. मले मालूम होतं कोठी असतीन. थंडीचे दिवस. सुनंदाच्या आंगनात पोत्यावर तुरीची डाळ वायत टाकेल होती, अन् दोघी दोन बाजूनं बसून खडे निवडून राह्यल्या होत्या. बाजीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खडा बाजूले टाकाले गेल्या का दाना बी संगं पडे. सुनंदा तो उचलून परत टाके, काई म्हने नाई.

मी समोर जाऊन उभा राह्यलो. मनात लय दिवसाचं होतं, म्हन्लं आज बोलून टाकू, पुन्हा कवा भेट होते. म्हन्लं, "बाजी, तुमी जाऊन राह्यल्या म्हनून सांगतो. हे एकट्या तुमच्यानं नाई झालं. बाबू होता, साहेब होता, लाईट होती, ते बटन होतं. आमचे आंगठे होते. तुमीच शिकवलं ना आमाले, एका गोष्टीले लय जनं असतात..." बोटावर मोजत होतो मी, अन् मोजता मोजता मलेच भरून आलं. वाटलं, आता बाजी वर पाह्यतीन.

बाजीनं वर नाई पाह्यलं. एक खडा निवडला, बाजूले ठेवला.

सुनंदानं पाह्यलं. म्हने, "तिले मालूम हाय ते, भाऊजी. मले बी मालूम हाय. तुमी उलसक तिकडं सरका, तुमची सावली डाळीवर पडून राह्यली."